खिशातला रोटर: जुन्या मोटारीच्या राखणीची सव्वाशे वर्षे

१/२०
१९४० सालचा ब्रिटनमधील उन्हाळा. दिवस मावळताना एक गृहस्थ घरासमोर मोटार उभी करतो, बॉनेट उघडतो, इंजिनाच्या बाजूच्या काळ्या टोपणाखालून अंगठ्याएवढा एक तुकडा उपसून काढतो आणि तो कोटाच्या खिशात टाकून घरात जातो. यात विक्षिप्तपणा काहीच नव्हता. तो कायदा पाळत होता. त्या तुकड्याचे नाव रोटर. तो खिशात असेपर्यंत मोटार स्वतःच्या बळावर जागची हलणार नव्हती. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी जुन्या मोटारी जपणारे कित्येक जण आजही रात्री हेच करतात. कुलपांचा एवढा मोठा इतिहास फिरून त्या खिशापाशी कसा आला, त्याची ही कथा. #इतिहास #थ्रेड

२/२०
कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ साली घेतले. त्या काळच्या मोटारींना किल्ली नव्हती, आणि बहुतेकींना दारेही नव्हती. तरीही त्या सहजी पळवता येत नसत. इंजिन सुरू करण्यासाठी ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण हाताने जुळवावे लागे, मग पुढे जाऊन हँडल मारावे लागे. वेळ चुकली की हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. ही विद्या अवगत असलेली माणसे गावात मोजकीच. मोटारीचे पहिले कुलूप म्हणजे ती चालवण्यातली अवघड कला हेच होते.

३/२०
पण ज्यांना ती कला येत होती, त्यांचे काय? १८९६ च्या जूनमध्ये पॅरिसमधील बॅरन द झ्यूलेन यांची पेजो मोटार दुरुस्तीसाठी गेली असता चोरीस गेली. चोर निघाला त्यांचाच मेकॅनिक. मोटार आणि मेकॅनिक दोघेही पॅरिसजवळच्या आन्येर येथे सापडले. जगातील पहिली नोंदलेली मोटारचोरी म्हणून सहसा हीच घटना सांगितली जाते. कुंपणानेच शेत खाल्ले, असा हा प्रकार. मोटारविद्या जसजशी पसरत गेली, तसतसे चोर होऊ शकणाऱ्यांचे वर्तुळही रुंदावत गेले. मोटारीच्या राखणीचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

४/२०
आरंभीचे उपाय साधे होते. ठिणगीची वीज जोडणारी खुंटी काढून खिशात टाकायची, किंवा चाकाच्या आऱ्यांतून साखळी ओवून तिला घरचे कुलूप लावायचे. मात्र मॅग्नेटोच्या मोटारींत एक गोम होती. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो. त्याचा स्विच वीज तोडत नाही, ती धातूच्या सांगाड्यात वळवून निष्प्रभ करतो. त्यामुळे स्विचची तार कापली की इंजिन बंद पडण्याऐवजी सुरू होण्यास मोकळे होई. ज्या तारेवर मालकाचा भरवसा, तीच तोडल्यावर चोराचे काम साधे. यंत्र कसे चालते हे नीट जाणल्याशिवाय त्याची राखण करता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

५/२०
१९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती रस्त्यावर उतरल्या. मोटार श्रीमंताच्या तबेल्यातून शेतकऱ्याच्या अंगणात आली. तिच्या स्विचला पुढे किल्ली मिळाली खरी, पण किल्ल्यांचे प्रकार अवघे दोन डझन! प्रत्येक किल्लीला क्रमांक होता आणि तोच क्रमांक स्विचच्या तबकडीवरही कोरलेला असे. म्हणजे डझन-दोन डझन किल्ल्यांचा जुडगा ज्याच्याकडे, त्याला लक्षावधी मोटारी खुल्या. ही किल्ली चोराला अडवण्यापेक्षा घरच्या मुलांना अडवण्याच्याच उपयोगाची होती. साहजिकच मॉडेल टीचे मालक पुन्हा साखळीकडे आणि बाजारात मिळणाऱ्या स्टिअरिंगच्या कुलपांकडे वळले.

६/२०
दरम्यान १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला. हँडल मारण्याचा जीवघेणा खटाटोप संपला. मालकाची सोय झाली, तशी चोराचीही झाली. पूर्वी मोटार पळवायची तर भर रस्त्यात तिच्यापुढे उभे राहून हँडल मारावे लागे आणि चार डोळे वळत. आता आत बसून एक कळ दाबली की झाले. पुढच्या शंभर वर्षांत हेच वारंवार घडलेले दिसते. मालकाच्या वाटेतला अडसर दूर केला की तो चोराच्याही वाटेतून दूर होतो. मग त्या जागी नवा अडसर शोधावा लागतो.

७/२०
अमेरिकेत चोरीची मोटार एका राज्यातून दुसऱ्यात नेली की स्थानिक पोलिसांचे हात तोकडे पडत. म्हणून ऑक्टोबर १९१९ मध्ये तेथील संसदेने, मिसूरीचे प्रतिनिधी लिओनिडस डायर यांच्या पुढाकाराने, चोरीची मोटार राज्याची सीमा ओलांडून नेणे हा केंद्रीय गुन्हा ठरवला. या ‘डायर कायद्या’चा सर्वांत गाजलेला आरोपी म्हणजे बँका लुटणारा जॉन डिलिंजर. ३ मार्च १९३४ रोजी इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून तो निसटला, तोही खुद्द शेरीफ लिलियन हॉली यांच्या मोटारीतून, आणि सीमा ओलांडून इलिनॉय राज्यात शिरला. बँकांच्या दरोड्यांनी जे झाले नव्हते ते एका चोरीच्या मोटारीने झाले: केंद्रीय तपास यंत्रणा त्याच्या मागे लागली.

८/२०
कायदा चोरीनंतर येतो. कुलूप चोरीच्या आधी. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए मध्ये स्विचपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची तार पोलादी वेष्टनात बंद केलेली होती. डॅशबोर्डामागे हात घालून तारा जोडण्याची चोराची युक्ती तिथे चालेना. १९३२ पासूनच्या फोर्ड व्ही-एट मोटारींत तर किल्ली स्टिअरिंगच्या दांड्याशीच बसवली गेली. ती फिरवली की ठिणगीची वीज बंद होई आणि स्टिअरिंगही अडके. आज प्रत्येक मोटारीत गृहीत धरली जाणारी ही सोय नव्वद वर्षांपूर्वीच हाताशी होती. पण १९४९ च्या नव्या फोर्डमध्ये किल्ली डॅशबोर्डवर गेली आणि स्टिअरिंगचे ते कुलूप मागे पडले.

९/२०
आता त्या खिशातल्या तुकड्याकडे. जुन्या पेट्रोल इंजिनात बॅटरीची सौम्य वीज कॉइलमध्ये जाते आणि तेथे हजारो व्होल्टची होते. ती कोणत्या क्षणी कोणत्या सिलिंडरच्या प्लगला पोहोचवायची, हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. त्याच्या टोपणाखाली मधोमध फिरणारा, पितळी पट्टी बसवलेला छोटा तुकडा म्हणजे रोटर. पंगतीत वाढपी एकेका पानापाशी जातो, तसा तो प्रत्येक प्लगच्या तारेपाशी वीज नेऊन देतो. वाढपीच नसेल तर स्वयंपाक कितीही तयार असो, पाने रिकामीच राहतात. तारा जोडा, किल्ली तोडा, स्टार्टर फिरवा. रोटरवाचून प्लगला ठिणगी मिळत नाही.

१०/२०
१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. जर्मन छत्रीधारी सैनिक रातोरात उतरतील, ही धास्ती ब्रिटनभर पसरली. रस्त्यांवरच्या गावांच्या पाट्या काढल्या गेल्या. चर्चच्या घंटा थांबल्या. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या होत्या. उतरलेल्या सैनिकाला आयती मोटार मिळू नये, म्हणून सरकारने हुकूम काढला: विनारखवाली मोटार सोडताना तिला कुलूप लावावे आणि रात्री तिचा एखादा आवश्यक भाग काढून ती निकामी करावी. एरवी मोटार जपणे हा मालकाचा खासगी प्रश्न. युद्धाने तो राष्ट्ररक्षणाचा केला. आणि त्यासाठी राज्यसत्तेला जो उपाय सुचला, तो कोणत्याही कारखान्यात घडवलेल्या कुलपाचा नव्हता. तो मालकाच्या खिशाचा होता.

११/२०
त्याच युद्धात अमेरिकी लष्कराच्या जीपमधून किल्ली काढून टाकण्यात आली. रणांगणावर किल्ली हरवली तर जीप निकामी, म्हणून साधी फिरती कळ. परिणाम ठरलेला: एका तुकडीची जीप दुसरी तुकडी उचलून नेई. सैनिकांनी उपाय काढला. जीपच्या तळाला साखळी जखडायची, तिचे टोक स्टिअरिंगमधून ओवायचे आणि कुलूप घालायचे. १९४७ पासून महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. आज महाराष्ट्रात जुन्या जीप हौसेने जपणाऱ्यांच्या अंगणात स्टिअरिंगला साखळी घातलेली दिसते, तेव्हा तिचे मूळ या लष्करी युक्तीपर्यंत पोहोचते.

१२/२०
युद्धानंतर सोयीचे पर्व आले. १९४९ च्या क्रायस्लरमध्ये किल्ली फिरवूनच इंजिन सुरू होऊ लागले. स्टार्टरची वेगळी कळ गेली. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या अनेक मोटारींत तर स्विचच्या दोन बंद अवस्था होत्या. एकीत तो कुलूपबंद होई, दुसरीत नुसता बंद. दुसऱ्या अवस्थेत किल्ली काढून घेतली तरी स्विच हाताने फिरवून मोटार सुरू करता येई. कित्येक मालक रोज तशीच मोटार सोडत. आज संग्राहक ज्या देखण्या मोटारींसाठी जीव टाकतात, त्यांतील बहुसंख्य याच निर्धास्त काळातल्या आहेत. त्यांचे सौंदर्य त्या काळाचे, आणि कुलूपही त्याच काळाचे.

१३/२०
हा निर्धास्तपणा प्रथम पश्चिम जर्मनीत संपला. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे झाले, आणि तेही नव्या-जुन्या सर्व मोटारींना. चोऱ्या लक्षणीय घटल्या आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटनने १९७१ पासून हीच सक्ती केली, पण केवळ नव्या मोटारींना. १९७६ साली ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी हिशेब तपासला. नव्या मोटारींच्या चोऱ्या झपाट्याने कमी झाल्या होत्या. मात्र एकूण चोऱ्यांत घट नव्हती. चोर नव्या मोटारींकडून जुन्या मोटारींकडे वळले होते.

१४/२०
या कथेचा गाभा इथे आहे. कुलूप ज्या मोटारीला असते तिला ते वाचवते, आणि चोराला शेजारच्या बिनकुलपाच्या मोटारीकडे पाठवते. नव्या मोटारी तटबंदीच्या आत गेल्या, तेव्हा जुन्या मोटारी तटाबाहेर राहिल्या. त्या जुन्या मोटारी तेव्हा ‘वारसा’ नव्हत्या. नवी मोटार न परवडणाऱ्या माणसाचे ते रोजचे वाहन होते. सुरक्षिततेचा नियम नव्यापुरता केला की त्याची किंमत जुने वापरणाऱ्याला मोजावी लागते. जर्मनीने जुन्यांनाही आत घेतले, ब्रिटनने त्यांना बाहेर ठेवले. दोन देशांच्या निष्कर्षांतला फरक मुख्यतः एवढ्याच निर्णयाचा होता.

१५/२०
अमेरिकेत जानेवारी १९७० पासून नव्या मोटारींना केंद्रीय मानक लागू झाले: किल्ली काढल्यावर इंजिन सुरू होता कामा नये, आणि स्टिअरिंग किंवा मोटारीची हालचाल अडली पाहिजे. हे मानक सुरक्षिततेच्या नियमांत घालण्यामागे कारण होते. चोरीच्या मोटारी बेफाम हाकल्या जातात आणि त्यांच्या अपघातांत निरपराध माणसे मरतात. स्वीडनच्या साबने वेगळी वाट काढली. साब ९९ मध्ये किल्ली दोन आसनांच्या मधोमध होती, आणि रिव्हर्स गिअर टाकल्यावरच ती निघे. स्टिअरिंगऐवजी गिअरच कुलूपबंद. भारतात पुढे लोकप्रिय झालेल्या बाजारी गिअर-लॉकमागचे तत्त्व हेच.

१६/२०
त्यानंतर विकतच्या उपायांची रांग लागली. शेव्हरोले कॉर्व्हेटला १९६८ पासून कारखान्यातूनच भोंग्याचा अलार्म घेता येऊ लागला. १९८६ मध्ये तिच्या किल्लीत छोटा रोधक बसवला गेला. त्याची मूल्ये पंधरा. योग्य मूल्य जुळल्याखेरीज इंजिन सुरू होईना. त्याच सुमारास पेनसिल्वेनियाच्या जेम्स विनर यांनी स्टिअरिंगवर आडवा बसणारा लोखंडी दांडा ‘द क्लब’ या नावाने बाजारात आणला. कोरियातील लष्करी सेवेत जीपला बांधलेली साखळी त्यांना आठवली, असे सांगितले जाते. दांड्याचा दोष उघड होता: दांडा पोलादी असला तरी स्टिअरिंगची कडी करवतीने कापता येते. तरीही तो खपला, कारण तो काचेतून दिसत होता.

१७/२०
दिसणारा उपाय चांगला की लपलेला? १९८६ मध्येच मॅसॅच्युसेट्समध्ये ‘लोजॅक’ ही यंत्रणा सुरू झाली. मोटारीत गुप्त जागी रेडिओ प्रेषक बसवायचा. मोटार चोरीस गेली की पोलिसांनी त्याच्या संकेतावरून माग काढायचा. बाहेरून कोणतीही खूण नाही. अर्थतज्ज्ञ इयन आयर्स आणि स्टीव्हन लेविट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा एक वेगळाच परिणाम दाखवला. कोणत्या मोटारीत यंत्र आहे हे चोराला कळत नसल्याने, ज्या शहरांत ते पसरले तेथे यंत्र नसलेल्यांच्याही चोऱ्या घटल्या. दिसणारा दांडा चोराला शेजाऱ्याकडे धाडतो; लपलेले यंत्र शेजाऱ्यालाही राखते.

१८/२०
मग आला इमोबिलायझर. किल्लीतील चिप आणि इंजिनाचा संगणक यांची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समधील आकडे तपासणाऱ्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे मोटारचोरीचा संभव सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पण पॉइंट, कॉइल आणि कार्बोरेटर असलेल्या मोटारीत ओळख पटवायला संगणकच नाही. जुनी फियाट, जुनी अँबॅसिडर, जुनी जीप या भिंतीच्याही बाहेर राहिल्या. एव्हाना त्या दुर्मीळ झाल्या होत्या, म्हणजे चोरण्यास सोप्या आणि चोरण्याजोग्या, दोन्हीही. केवळ बंदिस्त जागेचा भरवसाही पुरत नाही. ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात नाना गुप्त आयुधांनी सजलेली ॲस्टन मार्टिन डीबी-फाइव्ह १९९७ साली फ्लोरिडातील बोका रॅटन विमानतळाच्या हँगरमधून चोरीस गेली.

१९/२०
म्हणून जुन्या मोटारीचे जाणते मालक घरगुती उपायांचे थर रचतात. कॉइलच्या तारेवर चोरखिशासारखा लपवलेला चोर-स्विच. बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने फिरवून काढायची मूठ. पेट्रोलच्या नळीवर लपवलेली तोटी; कार्बोरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर मोटार थोडी धावते आणि भर रस्त्यात बंद पडते. शिवाय काचेतून दिसणारा दांडा किंवा साखळी, आणि सर्वांत आत, खिशात रोटर. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. मूळ पत्र्याला भोके पाडून कुलूप बसवले, तर चोरापासून वाचवलेली वस्तू मालकाच्याच हातून बिघडते. उलटवता येणारा, मागे खूण न ठेवणारा उपाय इथे श्रेष्ठ. रोटर काढणे हा असाच उपाय आहे.

२०/२०
इतिहास कधी कधी स्वतःच वर्तुळ पूर्ण करतो. इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किया मोटारी पळवण्याची युक्ती २०२१-२२ च्या सुमारास अमेरिकेत समाजमाध्यमांवर पसरली आणि चोऱ्यांची लाट आली. तेव्हा कंपन्यांनी काही मोटारींसाठी सॉफ्टवेअर बदलून दिले, आणि सोबत फुकट वाटला तो स्टिअरिंगचा लोखंडी दांडा. एकविसाव्या शतकातही तटाबाहेर राहिलेल्याला साखळीच्या वंशातलाच उपाय मिळाला. हँडल, खुंटी, रोटर, किल्ली, चिप: नावे बदलली, तत्त्व एकच. मोटारीचा जो भाग वगळून ती चालत नाही, तो मालकासोबत घरी जातो. १९४० च्या त्या संध्याकाळी कोटाच्या खिशात गेलेला तुकडा आजच्या कोणत्याही जुन्या मोटारीच्या मालकाने खिशात टाकला, तर तो तितकेच चोख काम करतो. (समाप्त)